उत्तर उद्या रात्री नऊ वाजता

मंगळवार, संध्याकाळचे सव्वासात

काल रात्री निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता, त्याने विचारले, "आपण आता एकत्र राहू या का?" मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होते. त्यानंतर बराच वेळ मला फक्त कडीचा गारवा जाणवत राहिला आणि जिन्यातल्या दिव्याची बारीक गुणगुण ऐकू येत राहिली. प्रश्न कळला होता, त्यातला प्रत्येक शब्द कळला होता. परंतु त्याने माझ्या आत काय झाले हे पाहू गेले, तर हाताला काहीच लागेना. आनंद नाही, भीती नाही, नकारही नाही. छातीच्या मधोमध काहीतरी आवळले गेले होते, पण ते कशाने, हे सांगता येत नव्हते. मी म्हणाले, "माहीत नाही."

त्याचा चेहरा तेव्हा उतरला होता, हे मला आज सकाळी कालचे दृश्य पुन्हा आठवून पाहताना कळले. त्या क्षणी मी कडीकडे पाहत होते. मात्र तो रुसून निघून गेला नाही. थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "कधी सांगू शकशील?"

"उद्या रात्री नऊ वाजता."

"बरं. लिहून पाठवलंस तरी चालेल."

म्हणून आज कामावरून आल्यावर ही वही उघडली आहे. पावणेदोन तास हातात आहेत.

राग येत असतानाच लोकांना 'मला राग आला आहे' हे कळते, ही गोष्ट मी बरीच मोठी झाल्यावर, इतरांना विचारून विचारून समजून घेतली. माझ्या बाबतीत आधी शरीर बोलते: मान आखडते, दिवा नेहमीपेक्षा प्रखर वाटू लागतो, घास गिळवत नाही. त्याला राग म्हणायचे, दुःख म्हणायचे की नुसती भूक, हे दुसऱ्या दिवशी दुपारी भलतेच काम करत असताना अचानक उमगते. एकतिसाव्या वर्षी ऑटिझमचे निदान झाले, तेव्हा माझ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी या उशिराचे नाव सांगितले. अलेक्झिथायमिया. भावनेसाठी शब्द नसणे, अशा अर्थाचा हा शब्द पीटर सिफ्निओस या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात ग्रीक धातूंवरून घडवला. तो ऑटिझमचा भाग नव्हे. ऑटिस्टिक नसलेल्या लोकांतही आढळतो, पण बराच कमी, तर ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांमध्ये तो दिसतो. भावना नसते असे नाही. ती पूर्ण ताकदीनिशी आलेली असते, फक्त तिची ओळख पटायला वेळ लागतो.

मराठीत आम्हाला 'स्वमग्न' म्हणतात. हा शब्द योजणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, परंतु मला तो कधी आपला वाटला नाही. स्वतःत बुडून जाणे दूरच, स्वतःपर्यंत पोहोचायलाच मला एक दिवस लागतो.

या एका दिवसाचा हिशेब मी पहिल्या नात्यात ठेवला नाही, आणि ते नाते त्यातच गेले. तेव्हा निदान झालेले नव्हते. समोरच्याने काही विचारले की दोन-तीन सेकंदांत उत्तर द्यायचे असते आणि ते 'हो' असले की सगळे सुरळीत चालते, एवढे मी लहानपणापासूनच्या निरीक्षणावरून शिकून ठेवले होते. गर्दीच्या जागी जाऊ या का? हो. आणखी थोडा वेळ थांबू या का? हो. तो बोटांच्या टोकांनी माझ्या दंडावरून हळूहळू हात फिरवत असे आणि विचारत असे, "आवडतं ना?" हो. माझ्या त्वचेवरून जणू बारीक काच ओढली जात असे, पण हे मला कळायचे दुसऱ्या दिवशी, आणि तोवर आदल्या दिवशीचे 'हो' खरे धरले गेलेले असायचे. त्याला मी दोष देत नाही. त्याने विचारले होते आणि मी होकार दिला होता.

ऑटिस्टिक माणसे आपले वेगळेपण झाकण्यासाठी जी धडपड करतात, तिला मास्किंग म्हणतात. तिच्याबद्दल बोलताना सहसा थकव्याचा उल्लेख होतो, आणि थकवा खराच आहे. परंतु प्रेमाच्या नात्यात तिचा त्याहून गंभीर परिणाम होतो, आणि त्याबद्दल अधिक मोकळेपणाने बोलले जावे असे मला कळकळीने वाटते. कपड्यातली शिवण टोचते, मिक्सरचा आवाज सहन होत नाही, असे सांगणाऱ्या मुलीला वर्षानुवर्षे 'एवढं काय त्यात' हेच ऐकावे लागले, तर ती हळूहळू आपल्या नकोवर विश्वास ठेवणेच सोडून देते. मग मोठेपणी कोणी तिचा हात धरला, तिला जवळ ओढले किंवा त्यापुढचे काही विचारले, तर आतून उठणारा विरोध तिला आपलाच दोष वाटतो, आणि तो दाबून ती शिकलेले उत्तर देते. जिचा होकार इतक्या सहज मिळतो, तिचा गैरफायदा घेणारा माणूस भेटला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. मला तसा माणूस भेटला नाही, हा केवळ योग. माझे नाते दोन वर्षांनी एका शटडाउनने, म्हणजे ताण असह्य होऊन बोलणे-वावरणे बंद पडण्याने, संपले. तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुला माझ्याबद्दल काही वाटतच नाही." मला किती वाटत होते हे मला आठवडाभराने कळले. तेव्हा सांगायला कोणी नव्हते.

ऑटिस्टिक लोकांना प्रेम नकोच असते, हा समज मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. २०१७ मध्ये जर्मनीत बौद्धिक अक्षमता नसलेल्या २२९ ऑटिस्टिक प्रौढांचा अभ्यास झाला. त्यांतील ७३ टक्के लोकांना प्रेमसंबंधांचा अनुभव होता आणि असे नाते नकोच म्हणणारे अवघे ७ टक्के निघाले. ज्यांचे जोडीदारही ऑटिस्टिक होते ते आपल्या नात्यात अधिक समाधानी आढळले, असेही त्यात म्हटले आहे. हे वाक्य वाचून मी काही दिवस अस्वस्थ होते, कारण काल मला प्रश्न विचारणारा तो ऑटिस्टिक नाही.

त्या अस्वस्थतेत मला डेमियन मिल्टन यांच्या मांडणीचा आधार मिळाला. ते स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ आहेत. ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही, हे विधान त्यांनी २०१२ मध्ये उलटून पाहिले: दोन वेगळ्या घडणीची माणसे समोरासमोर आली की न कळणे दोन्ही बाजूंनी असते, मग ते एकाच्याच खात्यावर का मांडायचे? पुढे २०२० मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून एक गोष्ट कानोकानी पुढे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच शाबूत पोहोचली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. निसटली ती मिश्र साखळीत. आम्ही दोघे म्हणजे अशी मिश्र साखळीच आहोत. गोष्ट आमच्यामध्ये निसटणार, हे गृहीतच आहे. काल मला त्याचा चेहरा वाचता आला नाही, आणि त्याला माझे मौन वाचता आले नाही. फरक एवढाच, की त्याने त्या मौनाचा अर्थ मनाने लावला नाही, तो विचारून घेतला.

हे तो पहिल्यापासून करतो. तिसऱ्या भेटीत त्याने विचारले होते, "हात धरू का?" मी नेहमीच्या वेगाने 'हो' म्हणाले. तो लगेच पुढे झाला नाही. म्हणाला, "कसा धरलेला आवडतो?" हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याचे तयार उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि उत्तर नसल्यामुळेच मला प्रथमच खरोखर शोधावे लागले. आम्ही बाकावर बसून चक्क प्रयोग केले. बोटांची टोके नकोत. अंगठ्याने कुरवाळणे नको. पूर्ण तळवा तळव्यावर, घट्ट, हलवायचा नाही. त्वचेत हळुवार स्पर्शासाठी निराळे मज्जातंतू असतात, आणि सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर गतीने फिरणारा हात बहुतेकांना सर्वांत सुखद वाटतो, असे मी नंतर वाचले. मला नेमका तोच सोसत नाही आणि दाब मात्र हवासा वाटतो. २०१३ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत संवेदनांचे हे वेगळेपण ऑटिझमच्या निकषांमध्ये नोंदवलेले आहे. त्या दिवशी तळवा तळव्यावर टेकला आणि कित्येक तासांनी माझे खांदे खाली आले. इतके विचारत बसले तर प्रेमातली मजा जाते, असे मला अनेकांनी सांगितले आहे. मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही.

आठ वाजून वीस मिनिटे

आज दुपारी दोनच्या सुमारास, कागद लावून ठेवत असताना, छातीतल्या गाठीचे नाव सापडले. ती भीती आहे, आणि ती किल्लीच्या आवाजाची आहे.

घरी आल्यावर मी दिवा लावत नाही. बूट काढते आणि कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसते, सुमारे पाऊण तास. या वेळात मला बोलता येत नाही आणि कोणी बोललेले ऐकवत नाही. दिवसभरात कानांतून आणि डोळ्यांतून जे आत शिरलेले असते, ते त्या अंधारात सावकाश खाली बसते. कालच्या प्रश्नासरशी माझ्या शरीराने बहुधा ऐकली ती कुलपात अवेळी फिरणारी किल्ली, आणि पाठोपाठ, "काय गं, अंधारात का बसलीस?" तो हे प्रेमानेच विचारेल, आणि मला उत्तर देता येणार नाही.

म्हणजे तो नको आहे, असे नाही. याची खात्री करून घेणे मला सर्वांत अवघड गेले, कारण मी माझ्या भावना बरेचदा माझ्याच वागण्यावरून ताडते. म्हणून गेल्या काही महिन्यांतले वागणे तपासले. सोमवारी आणि शनिवारी तो येऊन गेला की त्याचा चहाचा कप मी रात्री धूत नाही. बेसिनमध्ये एक चमचा जरी खरकटा राहिला तरी मला झोप लागत नाही, आणि तो कप मात्र सकाळपर्यंत टेबलावर असतो. हे मी आजवर लक्षातही घेतले नव्हते.

आता त्याला पाठवायचे शब्द इथे आधी लिहून पाहते.

हो, मला तुझ्याबरोबर राहायचं आहे. दार लावता येईल अशी एक खोली माझी असावी. घरी आल्यावर पहिला पाऊण तास मी त्या खोलीत अंधारात असेन, बोलणार नाही, आणि त्याचा अर्थ मी तुझ्यावर नाराज आहे असा नसेल. तू घरी यायची वेळ रोज कळवशील का? आणि काल मी तुझ्याकडे पाहिलं नाही. ते तुझ्या प्रश्नामुळे नव्हतं.

हे सर्व खरे आहे. तीनदा वाचले, कुठेही सवयीचे 'हो' नाही.

नऊला चार मिनिटे कमी आहेत. कपाबद्दलचे वाक्य अजून लिहायचे राहिले आहे.