केरीतला कॉलेज कप: व्हरमाँटची कमाल, आणि पुढच्यांसाठी थोडी माहिती

अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज सॉकरचा मोसम डिसेंबरात संपतो. 48 संघांतून उरलेले शेवटचे चार एकाच मैदानावर भिडतात, त्याला कॉलेज कप म्हणतात. 2024 चा कप नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी गावात, वेकमेड सॉकर पार्कवर झाला. आम्ही न्यू जर्सीहून गाडीने गेलो. जाणाऱ्यांना पहिलंच सांगणं: फक्त फायनलचं तिकीट काढू नका, शुक्रवारपासून जा. दोन्ही सेमीफायनल एकाच संध्याकाळी असतात आणि चारही संघांचे समर्थक एका छताखाली सापडतात, ते फक्त तेव्हाच.

त्या 13 डिसेंबरला मार्शल विद्यापीठाने अव्वल मानांकित ओहायो स्टेट विद्यापीठाला 1-0 ने घरी पाठवलं. व्हरमाँट आणि डेन्व्हर या विद्यापीठांची लढत 1-1 अशी अडली आणि पेनल्टीवर 4-3 ने व्हरमाँटने मारली. व्हरमाँटला मानांकनच नव्हतं. त्याआधीच्या फेरीत त्यांनी दुसऱ्या मानांकित पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर हरवलं होतं. एवढ्या छोट्या राज्यातून इतके लोक हिरवे टीशर्ट घालून इतक्या लांब कसे आले, याचंच मला कौतुक वाटत राहिलं.

16 तारखेच्या सोमवारी रात्री फायनल. 67 व्या मिनिटाला मार्शलचा गोल झाला आणि हिरवा स्टँड गप्प झाला. 81 व्या मिनिटाला मार्सेल पापने बरोबरी साधली, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या आजींनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग जादा वेळ. इथे पहिला गोल झाला की खेळ तिथेच खलास. 95 व्या मिनिटाला लांब आलेल्या चेंडूमागे मॅक्सिमिलियन किसेल धावला, बचावपटूला मागे टाकलं, पुढे आलेल्या गोलकीपरला चुकवलं आणि चेंडू रिकाम्या जाळीत ढकलला. 2-1. सॉकरमधलं व्हरमाँटचं हे पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद. असा गोल इतक्या जवळून पाहायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

जवळून म्हणते ते खरंच. मैदानाची क्षमता सुमारे 10,000, त्यामुळे खेळाडूंची हाकाटीही कानावर येते. मधल्या रेषेच्या आसपास, थोडं वर बसा. नियमही आधी माहीत असू द्यात: घड्याळ उलटं धावतं, शून्यावर आलं की खेळ थांबतो, इंज्युरी टाइम नाही. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. हे ठाऊक नसेल तर शेवटच्या मिनिटांत फार गोंधळ होतो.

थंडीला हलक्यात घेऊ नका. दिवसा ऊन असलं तरी रात्री मैदान उघडं, आणि बसून राहिल्यावर पाय गारठतात. थर्मल, कानटोपी, जाड मोजे हवेतच. पारदर्शक पिशवीचा नियम असतो, तेव्हा मोठी पर्स गाडीतच ठेवा.

विमानाने येणार असाल तर रॅले-डरम विमानतळ अगदी जवळ. शार्लटहून येणाऱ्यांना केरी स्टेशनवर उतरता येतं, पण स्टेशनवरून मैदानापर्यंत कॅब करावी लागते.

शनिवार-रविवार मोकळे मिळतात. रॅलेतलं नैसर्गिक विज्ञान संग्रहालय फुकट आहे, मुलांना डायनोसॉर दाखवायला न्या. ते सोमवारी बंद असतं, म्हणून फायनलच्या दिवसावर ढकलू नका. केरीतलं बालाजी मंदिरही पाहण्यासारखं आहे. या भागात आपली माणसं भरपूर, त्यामुळे डोसा, चहा, भाजीपाला कशाचीच वानवा नाही.

फायनल सोमवारी रात्री असल्यामुळे मंगळवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा. ठिकाण दर वर्षी तेच असतं असं नाही, 2023 ला कप लुईव्हिलला होता. हॉटेल बुक करण्याआधी त्या वर्षीचं मैदान नक्की करा, आणि आपल्या कॉलेजचा संघ चारात येईल की नाही याची वाट पाहणार असाल तर रद्द करता येणारीच खोली घ्या.