लाल टोपीची सिरिंज

बाळंतपणाच्या रजेनंतर, सात महिन्यांनी वॉर्डात नर्स म्हणून पहिली मॉर्निंग ड्युटी. निघताना बाळ झोपलेलं होतं ते बरं झालं, नाहीतर माझा पाय निघालाच नसता. रात्री तीनदा उठलेले, हँडओव्हरमध्ये, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घेताना, बेड ९ चं काय सांगितलं ते बेड १० येईपर्यंत डोक्यातून साफ. सगळ्याजणी म्हणत होत्या, अगं हाताला सवय असते, दोन दिवसात बसतं सगळं.

आणि सवय होती की! पहिल्याच प्रिकला कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) लागला, अवघड शीर होती, मी मनातल्या मनात जाम खूश.

दुपारी जेवणाआधीचं इन्सुलिन. शुगर बघितली, चार्टवर रेग्युलर १६ युनिट. फ्रिजमधून व्हायल (इन्सुलिनची छोटी बाटली) काढली, डावीकडचा दुसरा ड्रॉवर न बघताच ओढला, सिरिंज घेतली, १६ च्या रेघेपर्यंत भरली, टिचकी मारून बुडबुडा काढला. तेवढ्यात बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणाचं तरी बाळ रडलं. माझं नाही हे मला कळत होतं पण शरीराला कुठे कळतं, दूध उतरलंच, युनिफॉर्म पुढून ओला. (कॉलेजात ऑक्सिटोसिनचं, म्हणजे दूध उतरवणाऱ्या हार्मोनचं, उत्तर घोकून लिहिलं होतं, त्यात हे नव्हतं.) सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि पळाले पॅड बदलायला.

मध्येच सोडलेलं औषध आल्यावर तसंच उचलून द्यायचं नाही, पहिल्यापासून बघायचं, आणि आमच्याकडे इन्सुलिन तर दोघींनी चेक करायचं. म्हणून ज्युनिअरला हाक मारली. तिने व्हायल बघितली, सिरिंज बघितली. हळूच म्हणाली, "ताई, ही लाल टोपीची का घेतलीत?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय.

मी रजेवर असताना वॉर्डात ४० वालं इन्सुलिन जाऊन १०० वालं आलेलं. म्हणजे १ मिलीत ४० ऐवजी १०० युनिट. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. लाल सिरिंजवर १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली, आणि या नव्या व्हायलचं ०.४ मिली म्हणजे ४० युनिट. अडीचपट! शुगर एकदम खाली, घाम, थरथर, मग भान जाणं, फिट... आणि पेशंट समोर बसून विचारतायत, "झालं का सिस्टर?"

हँडओव्हरला सांगितलं होतं म्हणे. असेलही. पण जुन्या सिरिंजा त्याच ड्रॉवरमध्ये पडल्या होत्या आणि माझा हात सात महिन्यांपूर्वीच्याच जागी गेला, सवय सवय म्हणतात ती हीच.

ती सिरिंज टाकून केशरीत परत भरलं, दोघींनी मोठ्याने वाचलं, दिलं. इनचार्ज सिस्टरना स्वतःच जाऊन सांगितलं. वाटलं बोलणी बसणार, तर त्या उठल्या आणि तो ड्रॉवरच रिकामा केला, मग माझ्यासमोर असे प्रकार नोंदवायचा फॉर्म ठेवला, म्हणाल्या भर, नाव घालायची गरज नाही.

पंप करायला स्टोअररूममध्ये बसले तेव्हा कुठे हात कापायला लागले. दूध निम्मंच आलं. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, म्हणून बाटलीला लेबल लावून तारीख, वेळ टाकली. ठेवायच्या आधी परत वाचलं, तर महिना मागचा लिहिलेला.