झिर्कोनियाचे कवच आणि २४९९ पर्यंतचे कॅलेंडर

न ओरखडणाऱ्या घड्याळाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिले नाव येते ते राडोचे. मात्र लग्नात जावयाला दिलेले आणि पुढे तीस वर्षे जपून वापरलेले जे डायास्टार अनेक घरांत आहे, ते सिरॅमिकचे नसते. १९६२ साली आलेले ते घड्याळ टंगस्टन कार्बाइडच्या कठीण धातूचे होते. राडोचे उच्च प्रतीचे सिरॅमिक १९८६च्या ‘इंटिग्रल’पासून सुरू झाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील आयडब्ल्यूसी कंपनीने ‘दा विंची’ हे घड्याळ झिर्कोनियम ऑक्साइडच्या, म्हणजे झिर्कोनिया या सिरॅमिकच्या, कवचात (केसमध्ये) आणले. सिरॅमिक आणि अतिगुंतागुंतीची यंत्रणा या जोडीबद्दल बोलायचे तर सुरुवात त्याच घड्याळापासून करावी, असे माझे मत आहे.

‘दा विंची’ मुळात १९८५ साली बाझेलच्या प्रदर्शनात आले. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळांनी स्विस कारागिरीचे कंबरडे मोडले होते, अशा काळात कुर्ट क्लाउस या घड्याळजीने महिन्याचे दिवस आपोआप ओळखणारे आणि तारीख हाताने दुरुस्त करावी लागू नये असे कॅलेंडर (पर्पेच्युअल कॅलेंडर) यांत्रिक घड्याळात बसवण्याचा ध्यास घेतला. क्लाउस १९५७ पासून आयडब्ल्यूसीत काम करत होते. त्यांनी रचलेल्या कॅलेंडरचे भाग सुमारे ऐंशी, आणि पायाला घेतलेले यंत्र मात्र व्हाल्जू ७७५०, म्हणजे कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारे, दणकट, रांगडे क्रोनोग्राफ (थांबघड्याळाची सोय असलेले) यंत्र. आजच्या श्रीमंती घड्याळांच्या जाहिरातींत ‘संपूर्ण स्वनिर्मित यंत्र’ या शब्दांना जे महत्त्व मिळते, ते पाहता ही गोष्ट मला फार आवडते.

अशा कॅलेंडरच्या मुळाशी एक चाक असते आणि ते चार वर्षांत एकच फेरा पूर्ण करते. त्याच्या कडेवर अठ्ठेचाळीस महिन्यांसाठी चढउतार कोरलेले असतात: एकतीस दिवसांच्या महिन्याला पूर्ण उंची, तीस दिवसांच्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल खाच, आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित कमी खोल. एक तरफ आपल्या टोकाने ही खोली चाचपते आणि महिनाअखेरीच्या मध्यरात्री तारखेचे चाक किती दाते पुढे ढकलायचे हे त्यावरून ठरते. क्लाउस यांची खरी करामत पुढे आहे. तारीख, वार, महिना, चंद्रकला आणि चार अंकी वर्ष हे सारे त्यांनी एकमेकांत असे गुंफले की एकट्या चावीने सगळे एकत्र पुढे सरकवता येते; त्या काळच्या इतर घड्याळांत मात्र प्रत्येक दर्शकासाठी कडेला वेगळे छोटे बटण टोचावे लागे. शतकाचे आकडे दाखवणारी पट्टी शंभर वर्षांतून एकदाच सरकते. मूळ पट्टीवर १९, २० आणि २१ हे आकडे आहेत आणि २४९९ पर्यंतची सोय करणारी दुसरी पट्टी घड्याळासोबत काचेच्या नळीत दिली जाई. चंद्रकलेत एका दिवसाची चूक पडायला १२२ वर्षे लागतात. मात्र २१०० हे वर्ष चारने भाग जाऊनही लीप वर्ष नाही आणि चार वर्षांच्या चाकाला ते कळत नाही, त्यामुळे त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरीस कोणा तरी नातवाला हस्तक्षेप करावा लागेल.

आता कवचाकडे वळतो. झिर्कोनियाची भुकटी साच्यात दाबून सुमारे १४०० अंश सेल्सिअसला भाजली जाते, आणि कुंभाराची कच्ची माती भट्टीत आकसते तशी ती प्रत्येक मापात साधारण पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही अधिक आकसते. ज्या वस्तूत मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब चालतो, तिच्यासाठी हे आकसणे आधीच अचूक ओळखून साचा मोठा करावा लागतो. भाजून झाल्यावर कठीणपणा पोलादाच्या कितीतरी पट होतो, त्यामुळे पुढचे सारे कापणे-घासणे हिऱ्याच्या हत्यारांनीच होते. झाकणाच्या स्क्रूसाठी सिरॅमिकमध्ये आटे पाडणे धोक्याचे असल्याने पुष्कळ घड्याळांत मागचे झाकण टायटॅनियमचे असते.

ओदमार पिगे कंपनीने २०१७ साली आपल्या ‘रॉयल ओक’चे पर्पेच्युअल कॅलेंडर काळ्या सिरॅमिकमध्ये आणले, तेव्हा एका पट्ट्याच्या घडणीला आणि झिलईला तीस तास लागतात, पोलादाच्या पट्ट्याला सहा, असे सांगितले. मला ही तुलना पटते, कारण रॉयल ओकचे सौंदर्यच मुळी खरखरीत पृष्ठभाग आणि आरशासारख्या तिरक्या कडा यांच्या सीमारेषेत आहे आणि काळ्या सिरॅमिकवर ती रेषा जराही ढळली तर लगेच दिसते. रंगीत सिरॅमिकचे दुखणे वेगळे आहे. भट्टीच्या उष्णतेत रंगद्रव्य जळून जाते, म्हणून झगझगीत लाल रंग फार काळ कोणाला साधत नव्हता. ऊब्लो कंपनीने तो २०१८ साली ‘बिग बँग’च्या क्रोनोग्राफमध्ये आणला आणि फक्त ५०० नग काढले.

मर्यादित आवृत्तीच्या आकड्यांकडे मी थोडा संशयानेच पाहतो. भट्टीतून निर्दोष तुकडे कमी निघतात, हस्तकौशल्याचे तास मोजकेच असतात, ही कारणे खरी आहेत. पण तेच घड्याळ दरवर्षी नव्या रंगात, नव्या मर्यादेसह बाजारात येऊ लागले की तो आकडा तंत्राचा राहत नाही, विक्रीखात्याचा होतो. पोलादी घड्याळावर ओरखडा पडला तर झिलई करून तो घालवता येतो. सिरॅमिकचा टवका उडाला तर अख्खे कवच बदलावे लागते, आणि पाचशे नगांच्या आवृत्तीचे नेमके त्याच छटेचे कवच वीस वर्षांनी मिळेल का, हा प्रश्न घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी विचारलेला बरा. आत तेल सुकणार, दर काही वर्षांनी यंत्र उघडावे लागणार, हे कवच कितीही अक्षय असले तरी टळत नाही.

जुने सिरॅमिकचे दा विंची कोणी दाखवले तर पट्ट्याच्या जोडाजवळच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात, कारण टवके तिथेच आधी उडतात. त्यानंतर तारीख बरोबर आहे ना ते पाहावे. ती मागे असेल तर चावीने पुढे आणता येते. पण उत्साहाच्या भरात दिवस जास्त पुढे गेले तर मागे आणायची सोय नाही. मग तेवढे दिवस घड्याळ बंद ठेवायचे किंवा जाणकार घड्याळजीकडे पाठवायचे, एवढेच हाती उरते.