किल्ली खिशात आहे, एवढे गाडीला कसे कळते?

मागच्या वर्षी आम्ही सहा वर्षे वापरलेली, बटण दाबून सुरू होणारी एक मोटार विकत घेतली. कागदपत्रे व्यवस्थित होती, इंजिनाची तपासणीही झाली होती. मात्र ताबा देताना विक्रेत्याने एकच किल्ली हातावर ठेवली आणि दुसरी घर बदलताना कुठेतरी गहाळ झाली, असे सांगितले. सोबत आलेल्या मेकॅनिकने दाराचे लॉक बदलून टाकण्याचा सल्ला दिला. सल्ला मनापासून दिलेला होता, परंतु त्याने माझी काळजी मिटली नाही, कारण त्या हरवलेल्या किल्लीतील धातूचे पाते हा तिचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होता. ती किल्ली कोणाला सापडली तर तो तिचे काय करू शकेल, या प्रश्नाने मला पुढचे काही आठवडे वाचायला लावले.

अशा किल्लीच्या प्लॅस्टिकच्या कवचात खरे पाहता तीन वेगवेगळी कामे चालतात. पहिले काम इमोबिलायझरचे, म्हणजे खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू न होऊ देण्याचे. किल्लीत एक लहानशी चिप असते आणि तिला स्वतःच्या बॅटरीची गरज नसते. गाडीतील तांब्याच्या वेटोळ्यातून साधारणपणे १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्यातूनच चिपला वीज मिळते. गाडी तिला दर वेळी नवा आकडा देते, चिप आपल्या पोटातील गुपित, म्हणजे तिच्यात साठवलेला गुप्त आकडा, वापरून त्या आकड्यावर गणित करते आणि उत्तर परत पाठवते. उत्तर जुळले तरच इंजिन सुरू होते. किल्लीतला सेल संपल्यावर ती बटणाला टेकवून किंवा कंपनीने नेमून दिलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करता येते, ती याच चिपमुळे. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि तारा जोडून गाडी पळवण्याची जुनी पद्धत तिथे बरीचशी निरुपयोगी ठरली.

दुसरे काम रिमोटचे, म्हणजे बटण दाबून दार उघडण्याचे. भारतात आणि युरोपात हा संदेश बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो. येथे संवाद एकतर्फी असतो. किल्ली बोलते, गाडी फक्त ऐकते. रोज तोच संदेश गेला असता तर कोणीही तो टिपून पुन्हा वाजवला असता, म्हणून किल्ली आणि गाडी दोघीही एक मोजणी ठेवतात आणि ती मोजणी व किल्लीतले गुपित यांवरून प्रत्येक दाबाबरोबर संदेश बदलतो. यालाच रोलिंग कोड म्हणतात. एखादे लहान मूल घरात बसून रिमोटशी खेळले तर किल्लीची मोजणी पुढे जाते आणि गाडीची मागे राहते; यासाठी गाडी थोडी पुढची मोजणीही मान्य करते. कीलॉक नावाच्या फार पसरलेल्या पद्धतीत ही मुभा पुढच्या सोळा दाबांची असते, त्याहून अधिक अंतर पडल्यास लागोपाठ दोन दाब जुळावे लागतात.

हे सगळे उभे आहे ते गुपितावर, आणि गुपित सांभाळण्यातच उत्पादकांनी मोठ्या चुका केल्या. कीलॉकमध्ये प्रत्येक किल्लीचे गुपित उत्पादकाच्या एका मूळ गुपितापासून तयार केलेले असते. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी चिप काम करत असताना ती किती वीज खाते, एवढे मोजून ते मूळ गुपित बाहेर काढले. ते एकदा हाती आल्यावर हवेतून टिपलेल्या दोन संदेशांवरून रिमोटची नक्कल करता येत होती. २०१६ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधक आणि त्यांचे जर्मन सहकारी यांनी दाखवून दिले की फोक्सवॅगन समूहाच्या १९९५ पासूनच्या बहुसंख्य मोटारींचे रिमोट जगभर मिळून मोजक्याच समान गुपितांवर चालत होते. गाडीतील संगणकातून ती काढली की, कोणाच्याही रिमोटचा एकच संदेश ऐकून त्याची प्रत बनवता येई. एका मोठ्या वसाहतीतील सर्व दारांना चार-पाचच कुलपे वाटून द्यावीत आणि रहिवाशांना ते सांगू नये, असा हा प्रकार होता. या नकलेने फक्त दार उघडे, इंजिन नव्हे, हे खरे. तरीही मागच्या सीटवर बॅग ठेवून गेलेल्या माणसाला त्याचा काय दिलासा?

याच संदर्भातला आणखी एक प्रसंग मला फार खटकतो. मेगामोस या इमोबिलायझर चिपमधील दोषांवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध व्हायचा होता. फोक्सवॅगनच्या मागणीवरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली आणि तो एक वाक्य वगळून २०१५ मध्ये बाहेर आला. संकेतपद्धतीची सारी रचना शत्रूला माहीत असली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, गुप्त असावी ती केवळ किल्ली, म्हणजे आपल्या भाषेत ते गुपित, असे डच भाषाशास्त्रज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते. ज्या मालकांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या, त्यांना दोन वर्षे अंधारात ठेवून कोणाचे रक्षण झाले, हे मला आजही समजलेले नाही.

आता तिसरे काम, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक. किल्ली खिशातच ठेवून दाराच्या मुठीला हात लावला की दार उघडते, तेव्हा गाडी कमी वारंवारतेच्या लहरींनी किल्लीला हाक मारते. ही हाक एक-दोन मीटरच पोहोचते. किल्लीचे उत्तर मात्र वरच्या वारंवारतेवर जाते आणि बऱ्याच दूरवर ऐकू येते. हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळ आहे, असे गाडी मानून चालते. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेतील तिघा संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली आणि दहाही मॉडेल्स या समजुतीमुळे फसली. एक माणूस गाडीजवळ अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी किंवा हॉटेलात मालकाच्या मागे. पहिला गाडीची हाक उचलून दुसऱ्याकडे पाठवतो, किल्ली ती ऐकून इमानाने खरे उत्तर देते आणि गाडी उघडते, सुरूही होते. यात कोणतेही गुपित फुटत नाही, त्यामुळे गुपित कितीही मोठे केले तरी उपयोग होत नाही. किल्ली कोण आहे हे गणिताने सिद्ध होते; ती कुठे आहे हे त्या गणितातून कळतच नाही.

ते कळण्यासाठी वेळ मोजावा लागतो. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. किल्ली दोन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन साधारण १३ नॅनोसेकंद लागतील, मध्ये कोणी निरोप्या आला तर वेळ वाढेल, तो कमी मात्र करता येणार नाही. स्टेफान ब्रँड्स आणि डेव्हिड चॉम या संकेतशास्त्रज्ञांनी अंतर असे बांधून घेण्याची पद्धत १९९३ मध्येच मांडली होती. इतके बारीक मोजमाप करणारे अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ आता काही नव्या गाड्यांत आणि फोनमध्ये येऊ लागले आहेत. जुन्या गाडीत ते मागाहून बसत नाहीत.

चोरांनी किल्लीला पूर्णपणे वगळण्याचा मार्गही शोधला आहे. २०२२ मध्ये लंडनमधील एका सुरक्षा-संशोधकाची टोयोटा आरएव्ही ४ चोरीला गेली. त्याने छडा लावला तेव्हा दिसले की चोर हेडलाइटमागच्या तारांपर्यंत पोहोचून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात थेट ‘किल्ली वैध आहे’ असा खोटा निरोप सोडतात. आतून आलेल्या निरोपावर गाडीचा संगणक विश्वास ठेवतो.

एवढे वाचल्यावर मी लॉक बदलले नाही. अधिकृत सेवा केंद्रात जाऊन गाडीच्या संगणकात किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते विचारले. उत्तर दोन आले. आधीच्या सर्व नोंदी पुसून हातातली किल्ली आणि नवी घेतलेली दुसरी, अशा दोनच पुन्हा नोंदवून घेतल्या. हरवलेल्या किल्लीचे पाते आजही दार उघडू शकते, पण तिने गाडी सुरू होणार नाही. नवी किल्ली स्वस्त नव्हती. मात्र गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दाव्याच्या वेळी सहसा दोन्ही किल्ल्या मागतात, हा विचारही त्यामागे होता. आमच्या गाडीच्या सेटिंगमध्ये खिशातल्या किल्लीने दार उघडण्याची सोय बंद करता येते, ती मी बंद केली. रात्री किल्ली झाकणाच्या धातूच्या डब्यात राहते. प्रत्येक डबा लहरी अडवतोच असे नाही, म्हणून तो आधी, ती सोय सुरू असताना, किल्लीसह गाडीच्या दाराशी नेऊन पाहिला होता: पहिल्या डब्याने दार उघडू दिले, दुसऱ्याने नाही. दुसरा ठेवला.