काही त्रास नसतानाच करायची तपासणी

मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांचा कर्करोग शोधण्यासाठीच्या एक्स-रे तपासणीचा, विषय काढला की बहुतेक जणी म्हणतात, ‘मला काही त्रासच नाही, मग कशाला?’ खरे तर ही तपासणी त्रास नसलेल्यांसाठीच आहे. गाठ हाताला लागली, त्वचेला खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला, तर नेहमीच्या तपासणीची तारीख न पाहता थेट डॉक्टरांकडे जायचे असते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतही नाही, त्यामुळे दुखेपर्यंत थांबणे धोक्याचे ठरते.

मॅमोग्राममध्ये, म्हणजे या तपासणीच्या चित्रात, कॅल्शियमचे मिठाच्या कणांएवढे ठिपके दिसतात, जे सरावलेल्या बोटांनाही लागत नाहीत, आणि दुग्धनलिकेबाहेर न पसरलेल्या कर्करोगाची तीच कधीकधी एकमेव खूण असते. रोग इतक्या लवकर सापडला, तर अनेकदा पूर्ण स्तन न काढता तेवढाच भाग काढून भागते आणि केमोथेरपी टळण्याची शक्यताही वाढते. जीव वाचण्याइतकेच उपचारांचे हे ओझे हलके होणे मला मोलाचे वाटते.

प्रत्येक स्तन दोन प्लेटांमध्ये दाबून एकदा वरून आणि एकदा तिरका असा एक्स-रे घेतात. दाब काही सेकंदांचाच, पण नकोसा असतो. पाळीनंतरच्या आठवड्यात गेल्यास त्रास कमी होतो. मला आत घेण्यापूर्वी तंत्रज्ञ बाईंनी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावले आहे का, असे विचारले होते, कारण त्यातले कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसू शकतात.

जादा चित्रांसाठी पुन्हा बोलावले की धास्ती वाटते, मलाही वाटली होती. परंतु अशा बहुतेक जणींना कर्करोग नसतो, आणि जुन्या फिल्म सोबत नेल्या तर पुष्कळदा शंका तिथेच मिटते. उलट, स्तनांची घनता जास्त असेल, म्हणजे चरबीच्या मानाने ग्रंथींचा भाग जास्त असेल, तर गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून काहींना सोनोग्राफीही सुचवतात. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला, तरी नंतर जाणवलेल्या बदलाकडे दुर्लक्ष करू नये.

अमेरिकेतील २०२४ च्या शिफारशीनुसार ४० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करावी, तर अनेक देशांत ती पन्नाशीपासून सुरू होते. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्यांना (या आनुवंशिक दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो) मात्र बरीच आधी आणि एमआरआयसह तपासणी लागते. म्हणून आई, मावशी यांच्याबरोबरच आत्या आणि वडिलांकडची आजी यांच्यापैकी कोणाला कितव्या वर्षी हा आजार झाला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो.