२०१८ चा एनएफएल ड्राफ्ट पुन्हा: सातव्या पिकपर्यंतचा लॉग

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्टमध्ये तिच्या टीम ठरलेल्या क्रमाने कॉलेजची पोरं निवडतात, एक निवड म्हणजे एक पिक. २०१८ चा तोच ड्राफ्ट आमचा ग्रुप पुन्हा करतोय, आणि सात पिक झाले एकदाचे. नियम तेच, एप्रिल २०१८ ची ऑर्डर जशीच्या तशी, नवीन ट्रेड नाही, टीमच्या गरजा त्या दिवशीच्या, फक्त पोरं पुढे काय दिवे लावणार हे आपल्याला आधीच माहितीये. आता गंमत अशी की जे माहितीये ते त्या पोराचं कर्तृत्व का त्याच्या टीमचं, ह्यावरून पहिल्याच पिकला इतकी जुंपली की अर्धा वेळ तिथेच गेला.

पिक १, क्लीव्हलंड ब्राउन्स. आधीच्या सीझनला ०-१६, म्हणजे सगळ्या मॅच हरून आलेली टीम, सगळे म्हणाले क्वार्टरबॅक (पास फेकून ऑफेन्स चालवणारा) जॉश ॲलन, विषय संपला. तर आपला बफेलोवाला, ज्याच्या टीमने खऱ्यात ॲलनला सातवा घेतला, तो उठला की घ्या बिनधास्त, पण तुमच्याकडे तो ॲलन होणारच नाही! आणि त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाहीये राव. कॉलेजला वायोमिंगमध्ये ५६ टक्के कम्प्लिशन (नीट पोचलेले पास), पहिल्या सीझनला ५२.८, आणि मग २०२० ला थेट ६९. मध्ये काय झालं तर बफेलोत तोच कोच डेबॉल सलग चार सीझन ऑफेन्स बघत होता आणि २०२० ला रिसीव्हर डिग्ज आणून दिला. तेवढ्याच काळात क्लीव्हलंडमध्ये हेड कोच ह्यू जॅक्सन सीझनच्या मध्येच गेला, मग ग्रेग विल्यम्स, मग किचन्स, मग स्टेफान्स्की. ॲलनने तिथे पहिल्या वर्षी ५२ टक्के मारले असते तर दुसऱ्या वर्षी कोण थांबलं असतं त्याच्यासाठी?

माझं मत बेकर मेफील्डला होतं, खऱ्यातही ब्राउन्सनी त्यालाच घेतलेला, म्हणजे परत तोच. हसा. पण क्लीव्हलंडच्या त्या गोंधळात क्वार्टरबॅक काय करतो ह्याचा पुरावा फक्त त्याचाच आहे ना आपल्याकडे, २०१८ ला २७ टचडाउन, तेव्हाचा रूकी (पहिल्या सीझनच्या खेळाडूचा) रेकॉर्ड, आणि जानेवारी २०२१ ला पिट्सबर्गला त्यांच्याच घरात जाऊन ४८-३७, म्हणजे १९९४ च्या सीझननंतरचा ब्राउन्सचा पहिला प्लेऑफ विजय. बाकी सगळे अंदाज. मतदानात आपटलो, ॲलन गेला.

पिक २, जायंट्स. जर्सीत राहायचं म्हणजे एकाच स्टेडियमच्या दोन टीममध्ये ग्रुप फाटणारच. आमचा जायंट्सवाला बार्कली (बॉल घेऊन पळणारा, खऱ्यात त्यांचाच पिक) सोडायलाच तयार नाही, म्हणे तो ईगल्सला जाऊन २००५ यार्ड पळाला आणि सुपर बोलची रिंगही घेऊन आला, तेही आपल्याच डिव्हिजनमध्ये, आता परत सोडू का? अरे पण ती ईगल्सची पुढे वाट मोकळी करणारी लाइन होती भाऊ, तुझ्या लाइनमागे २०१८ ला रूकी ऑफ द इयर होऊनही टीमचं काय झालं ते आठव की. आणि जायंट्सचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा. शेवटी क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. दोन एमव्हीपीवाला (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) माणूस खऱ्या ड्राफ्टमध्ये ३२ ला गेला, त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक, आणि त्यात एक फसलेला रोझन. रोझन!

पिक ३ वर जेट्सवाले काका म्हणाले आम्हाला क्वार्टरबॅक नकोच, आमच्याकडे आला की त्याचं वाटोळं होतं, गार्ड (लाइनमधला ब्लॉकर) नेल्सन द्या. त्यांना आठवण करून दिली की कोल्ट्सला तीन सेकंड राउंड पिक देऊन तुम्ही सहावरून वर आलात, आणि वर येऊन गार्ड घेणार? नेल्सन सहालाही बसल्याजागी मिळाला असता. मुकाट्याने बेकर घेतला काकांनी.

पिक ४ परत ब्राउन्स, आणि इथे खरा राडा. डिफेन्सचा लाइनबॅकर फ्रेड वॉर्नर. खऱ्यात ७० वा, तिसऱ्या राउंडमधला, फोर्टीनाइनर्सनी घेतलेला. फोर्टीनाइनर्सवाला नऊ नंबरवर त्याच्यासाठी शांत बसला होता, शीटवर नाव चढल्यावर जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणीतरी म्हणालं चारला लाइनबॅकर महाग पडतो, खऱ्यात इथे घेतलेला वॉर्डच परत घ्यायला हवा होता, कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा) महत्त्वाचा आणि पोरगाही ओहायोचाच. मलाही तसंच वाटतं खरं तर.

पिक ५, ब्रॉन्कोज, डिफेन्सचा डर्विन जेम्स. क्वार्टरबॅक कीनमला त्याच मार्चमध्ये आणलेलं, म्हणून दुसरा क्वार्टरबॅक नाही. जेम्सच्या दुखापतींवर कुणीतरी दोन वाक्यं बोललं आणि पुढे. पिक ६ कोल्ट्स, नेल्सन, मिनिटभर पण लागला नाही, पहिल्या तिन्ही सीझनला ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) असलेल्या गार्डवर काय बोलणार.

पिक ७, बफेलो. ॲलन गेला, लमार गेला, बेकर गेला, उरला डार्नल्ड, ज्याला खऱ्यात जेट्सनी तिसरा घेतलेला. अख्ख्या ग्रुपचं तोंड बफेलोवाल्याकडे. तूच म्हणालास ना की टीम घडवते, मग घे, डेबॉल तुझ्याकडेच आहे, घडव! गडी आधी कुरकुरला, मग डार्नल्डचा मिनेसोटातला २०२४ सीझन पुढे केला, १४ मॅच जिंकलेला, आणि म्हणाला चांगल्या हातात गेला की बघा काय होतं ते. म्हणजे स्वतःच्याच मुद्द्यावर खूश होऊन घेतला त्याने. जेट्सवाले काका तेव्हापासून गप्प आहेत.

आता क्लॉक शिकागोचा, म्हणजे आठव्या पिकची पाळी त्यांची. डिफेन्सचे दोघे, रोकान स्मिथ का मिंका फिट्झपॅट्रिक एवढंच ठरायचंय, पण शिकागोवाल्याला रोकान नकोय कारण २०२२ ला मध्येच त्याला बाल्टिमोरला देऊन टाकला होता आणि तो राग अजून आहे. अरे तो राग मॅनेजमेंटवर काढ, पोरावर कशाला. रविवारपर्यंत नाव आलं नाही तर मी रोकान टाकून मोकळा होतोय, नंतर कुणी फोन करायचा नाही.