ओलं फडकं आणि माझी स्पायडर

मागच्या दिवाळीत नागपूरला आलो होतो. धरमपेठेतल्या मित्राकडे सगळे जमलो, तर्री-पोह्याची दुसरी फेरी सुरू झाली आणि एकानं विचारलंच, "इटलीत कोणती गाडी घेतली भाऊ?" मी फोटो दाखवला. फोन या हातातून त्या हातात फिरला. "दोघांचीच दिसते." "छत दुमडते का हे?" "कोणत्या सालची?" १९७३ची, म्हटलं. सगळे एकदम गप्प. मग तो प्रश्न आला, "काहून बे, तिकडं नवी नाई भेटली का?"

दहा जण एकदम बोलत असताना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. म्हणून ते आज इथं लिहितो आहे.

गाडीचं नाव फियाट १२४ स्पोर्ट स्पायडर. रंग गर्द निळा, इंजिन १७५६ सीसीचं, गिअर पाच, चारही चाकांना डिस्क ब्रेक. मी राहतो तोरिनोत, म्हणजे आपण ज्याला तुरीन म्हणतो तिथं. फियाट या नावातला शेवटचा 'ट' याच गावाचा. कंपनी इथं १८९९ साली उभी राहिली. माझ्या गाडीचा हा नमुना पहिल्यांदा लोकांपुढे आला तोही इथल्याच मोटार प्रदर्शनात, १९६६च्या नोव्हेंबरात. थोडक्यात, माझी गाडी या गावची लेक आहे आणि मी बाहेरून आलेला.

पण माझ्यापुरती ही गोष्ट तोरिनोत सुरू होत नाही. ती खामल्यातल्या आमच्या अंगणात सुरू होते. १९९१ साली बाबांनी प्रीमियर पद्मिनी घेतली. मलईच्या रंगाची, स्टिअरिंगखाली लांब दांडीचा गिअर, पुढं सलग सीट. नागपुरात सगळे तिला फियाटच म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं. ती मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात बनत बनत पुढं तिची पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं ते छोटं इंजिन आम्हा पाच जणांना आणि आजीच्या लोणच्याच्या बरण्यांना घेऊन रामटेकला जायचं, चिखलदऱ्याचा घाटही चढायचं.

मे महिन्यात मात्र ती रुसायची. पारा ४५च्या पुढं गेला की वर्धा रोडवर बुटीबोरीच्या अलीकडे हमखास बंद पडायची. टाकीत पेट्रोल असायचं, पण इंजिनाच्या उष्णतेनं पंपात आणि नळीत त्याची वाफ व्हायची. पंप वाफ ओढत राहायचा आणि कार्बोरेटर कोरडा. बाबा शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडायचे, डिकीतलं जुनं पंचाचं फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. मग आम्ही सगळे बाभळीच्या सावलीत. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की गाडी सुरू. आईला त्या थांबण्याचा वैताग यायचा. मला तो प्रवासातला सगळ्यात चांगला भाग वाटायचा, कारण त्या वेळात बाबा मला बॉनेटखालचं एकेक दाखवायचे. हा डेल्को, इथून ठिणगी कोणत्या प्लगला जायची ते ठरतं. हा चोक. हे टॅपेट, व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग. आणि गाडी सुरू झाली की हात वर करून म्हणायचे, "थांब. आधी ऐक."

हे 'आधी ऐक' मी वीसेक वर्षं विसरून गेलो होतो. शिक्षण, नोकरी, मग पुणे, मग इथं. मधल्या काळात ज्या गाड्या चालवल्या त्यांच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. बिघाड झाला की पडद्यावर दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरवाला संगणक जोडतो आणि पावती देतो. त्या गाड्या वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. पावसात, रात्री, लेकराला घेऊन जायचं असेल तर आजही मी नवीच गाडी काढतो. पण तिच्याशी माझं बोलणं होत नाही.

इथं आल्यावर लायसन्सचं एक वर्ष गेलं. रहिवासी झाल्यावर आपलं भारतीय लायसन्स इथं एकच वर्ष चालतं. ते बदलून मिळत नाही. लेखी परीक्षेपासून सगळं नव्यानं, तेही इटालियन भाषेत. सहा महिने रोज रात्री प्रश्न सोडवले. त्याचा फायदा असा झाला, की गाडीच्या प्रत्येक भागाचं इटालियन नाव तोंडपाठ झालं.

मग एका रविवारी जवळच्या गावात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथं ओळीत एक फियाट ११०० उभी दिसली. फिकट करडी. मी जागीच थांबलो. मालक सत्तरीचे गृहस्थ होते. माझ्या वडिलांकडे भारतात हीच गाडी होती, एवढं त्यांना सांगितलं. त्यांनी काही न विचारता दार उघडून दिलं. आत बसलो. तीच सलग सीट, तोच बारीक कड्याचा स्टिअरिंग, तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा तोच वास. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. ते गृहस्थ बाहेर टेकून उभे राहिले, घाई केली नाही. त्यांच्याच ओळखीतून तीन महिन्यांनी स्पायडर मिळाली.

आता गंमत बघा. तुमच्यापैकी ज्यांनी १९८५नंतरचे नागपूरचे रस्ते पाहिले आहेत, त्यांना चौकोनी तोंडाची प्रीमियर ११८ एनई आठवत असेल. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकाकांकडे पांढरी होती. तिचा सांगाडा या १२४चाच! इटलीतली १२४ सेडान १९६७ साली युरोपातली 'कार ऑफ द इयर' ठरली, रशियात तिची लाडा झाली, स्पेनमध्ये सिआट झाली आणि त्या सिआटवरून आपल्याकडे ११८ एनई आली, फक्त इंजिन निसानचं लागलं. म्हणजे माझी स्पायडर ही डॉक्टरकाकांच्या गाडीची चुलत बहीण. नटवी, पण घरातलीच.

तिचं रूप टॉम त्यार्डा या अमेरिकेत जन्मलेल्या माणसानं पिनिनफारिना या गाड्यांची रूपं घडवणाऱ्या इटालियन कंपनीसाठी रेखाटलं. दारापासून मागं जाणारी रेषा मागच्या चाकावर हलकेच उचलते. मी ती कितीदा हातानं तपासली असेल, गणती नाही. छत कापडी आहे. समोरच्या काचेजवळचे दोन खटके सोडायचे आणि बसल्या जागेवरून एका हातानं मागं ढकलायचं, एवढंच. सिग्नल लाल असताना उघडून होतं.

पण माझा जीव अडकला आहे तो इंजिनात. ते आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी घडवलं. हे गृहस्थ आधी फेरारीत होते. अल्बर्टो अस्कारी १९५२ आणि १९५३ साली ज्या गाडीनं मोटार शर्यतींचा जगज्जेता झाला, तिचं इंजिन यांचंच. तिथून ते फियाटमध्ये आले आणि शर्यतीतल्या गाड्यांना असतात तसे डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे, त्यांनी मध्यमवर्गीय माणसाच्या गाडीला दिले. ते फिरवायला साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा लावला, जो त्या काळी नवलाचाच होता. आणि टॅपेट! पद्मिनीत बाबा पान्हा, स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घेऊन टॅपेट लावायचे. इथं प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाटीवर पोलादाची एक छोटी चकती बसते. कॅमशाफ्ट आणि चकती यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की वाटी खाली दाबून चकती काढायची आणि मोजून जाड किंवा पातळ चकती घालायची. कॅमशाफ्ट उघडावा लागत नाही. आठ व्हॉल्व्ह, आठ चकत्या. पुढं कधीतरी कोणीतरी आपल्या अंगणात हे काम करत बसेल, त्या माणसाचा विचार ज्यानं टेबलावर चित्र काढताना केला, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

रविवारी सकाळी साडेसहाला मी निघतो. पो नदीच्या काठानं सास्सीपर्यंत, तिथून सुपेर्गा टेकडीची चढण. या चढणीवर १९०२ साली मोटारींची शर्यत झाली होती. सुरुवातीची पाच मिनिटं चोक ओढलेला असतो, गाडी जरा खोकते. पाणी आणि तेल तापलं की आवाज मोकळा होतो. तिसऱ्या गिअरात, इंजिनाचे मिनिटाला चार हजार फेरे होत असताना, समोरून कार्बोरेटरचा हवा ओढण्याचा घरघराट आणि मागून सायलेन्सरचा सूर एकमेकांत मिसळतात. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळं रस्त्यावरचा खडा सुद्धा तळहाताला कळतो. वर युवारा या वास्तुकारानं उभारलेलं बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे. आकाश निवळलेलं असेल तर पश्चिमेला आल्प्सची पूर्ण रांग आणि तिच्यात ३८४१ मीटरचा मॉनव्हिसो एकटाच वर. मी तिथं थांबतो, बॉनेट उघडतो आणि इंजिन चालू ठेवून दोन मिनिटं ऐकतो. नुसता उभा राहून. इतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

आणि लोक! ऐंशीच्या आजीबाई फुटपाथवर थांबून "के बेल्ला!" म्हणतात, म्हणजे किती सुंदर. मग सांगतात, त्यांच्या लग्नात कोणाकडे कोणती गाडी होती.

खर्चाचं विचाराल तर लपवत नाही. मायलेज लिटरला दहाच्या आसपास, पेट्रोल पावणेदोन युरोच्या घरात. तीस वर्षांपुढच्या गाडीला इथं नेहमीचा मालकी-कर लागत नाही; रस्त्यावर आणली तर वर्षाला एक छोटी ठरावीक रक्कम भरायची. दर दोन वर्षांनी तपासणी. खरा शत्रू गंज. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून डिसेंबर ते मार्च ती गॅरेजात झाकून, बॅटरी सोडवून ठेवावी लागते. मी घेतली तेव्हा पायाखालचा पत्रा आणि पुढच्या शॉक अॅब्झॉर्बरच्या वरची जागा सडलेली निघाली. आधीच्या एका दुकानदारानं वर नुसता जाड काळा लेप मारून दिला होता. त्याचा राग मला आजही येतो, कारण त्या जागेवर माणसाचा जीव अवलंबून असतो. पत्रा कापून नवा बसवायला एक अख्खा हिवाळा गेला.

ते काम ज्या मिस्त्रींनी केलं, त्यांच्याकडे मागच्या जुलैत एक प्रसंग घडला. ३६ डिग्री, गाव गाड्यांनी तुंबलेलं, आणि त्यांच्या गॅरेजपासून दोनशे मीटरवर स्पायडर बंद. सेल्फ फिरतोय, गाडी घेत नाही. मी उतरलो आणि विचार न करता डिकीतलं फडकं भिजवून पेट्रोल पंपावर ठेवलं. मिस्त्री चालत आले, बघितलं, आणि विचारलं, हे कुठं शिकलास? भारतात, वडिलांकडून, म्हटलं. ते म्हणाले, "मीपण वडिलांकडूनच." मग आम्ही दोघं भिंतीच्या सावलीत बसलो. बारा मिनिटांनी सुरू झाली.

सप्टेंबरात बाबा आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात. इतक्या खालच्या सीटवर बसवायचं कसं, याचीच मला काळजी. ते आधी बसलेच नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला सांगितलं, सेल्फ मारायला लावला आणि हात वर केला. मी गप्प. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "तिसऱ्याचं टॅपेट वाजून राहिलं. आइकू येते का?" मला नव्हतं येत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणावर आणि मूठ कानाला लावून त्यांनी मला ऐकवलं. बारीक टिकटिक होती.

मग त्यांना लिंगोत्तोला नेलं. १९२३ साली सुरू झालेला फियाटचा तो पाच मजली कारखाना. कच्चा माल तळमजल्यावर शिरायचा, गाडी मजल्यामजल्यानं जुळत वर चढायची आणि थेट गच्चीवर निघायची. गच्चीवर चाचणीसाठी साधारण एक किलोमीटरचा गोल रस्ता, कडेला उतार दिलेली वळणं. कारखाना १९८२ साली बंद झाला. आता वर बाग केली आहे. बाबा त्या वळणाच्या उतारावर तळहात ठेवून बराच वेळ उभे होते. खाली येताना एवढंच म्हणाले, "कुर्ल्याची फॅक्टरीपण एकदा पाहायला पाह्यजे होती."

परतीच्या वाटेवर छत उघडं होतं. ते एकदाही बोलले नाहीत, फक्त प्रत्येक गिअर बदलताना त्यांचा डावा पाय माझ्याबरोबर दाबला जात होता.

तिसऱ्या सिलिंडरची चकती बदलून झाली आहे. टिकटिक गेली. पुढच्या आठवड्यात दातेरी पट्टा बदलायचा आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकायची भीती, म्हणून दिसायला चांगला असला तरी मुदतीत बदलावा लागतो. काल फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जुना फेकू नको. दिवाळीत येशील तवा घेऊन ये, मले दाते पाहायचे आहेत."